सोडायचं काय आणि कुणी? – अपरिग्रह समजून घेताना



'वस्तूंचा मोह सोडा' हे वाक्य तुम्ही आजवर किती वेळा ऐकलं असेल? कीर्तनात ऐकलं असेल, परिपाठातल्या सुविचारात ऐकलं असेल, घरी नवा मोबाईल मागितला तेव्हा तर नक्कीच ऐकलं असेल. निबंधात हा विषय आला की आपण पटकन लिहून टाकतो, 'माणूस रिकाम्या हाती येतो आणि रिकाम्या हातीच जातो.' गुरुजी बरोबरची खूण करतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडं वळतो. पण शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत हा विषय एवढ्यात संपत नाही. कारण इथं गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सोडणं हा लोकांच्या रोजच्या जगण्याचा भाग झाला आहे. कुणी धरणासाठी जमीन सोडली, कुणी रस्त्यासाठी सोडली, कुणी भावासाठी हक्क सोडला, कुणी देशासाठी जीव सोडला. हे सगळं सोडणं एकाच मापाचं आहे का? आज आपण तेच नीट समजून घेणार आहोत.

आधी शब्द समजून घेऊ

या विषयात चार-पाच शब्द सारखे येतात आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांतला फरक पाहू.

गरज : जिच्यावाचून जगणं अडतं ती. अन्न, पाणी, निवारा, अंगभर कपडा, औषध. शेतकऱ्यासाठी जमीन आणि बियाणं, विद्यार्थ्यासाठी वही-पुस्तक.

परिग्रह : 'परि' म्हणजे सभोवती आणि 'ग्रह' म्हणजे धरणं. आपल्या भोवती वस्तू गोळा करून त्या धरून ठेवणं म्हणजे परिग्रह. त्याच्या उलट अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त गोळा न करणं. जैन धर्माच्या पाच व्रतांत अपरिग्रह आहे, योगशास्त्रातल्या पाच यमांतही आहे, आणि गांधीजींच्या आश्रमाच्या व्रतांतही होता.

आसक्ती : या शब्दाच्या मुळाशी 'चिकटणं' हा अर्थ आहे. वस्तू आपल्याकडं असणं म्हणजे आसक्ती नव्हे. आपलं मन तिला चिकटणं म्हणजे आसक्ती. म्हणून दहा खोल्यांच्या घरातला माणूस अनासक्त असू शकतो आणि एका ट्रंकेचा मालक त्या ट्रंकेपायी रात्रभर जागा राहू शकतो.

त्याग : स्वतःचं असलेलं, स्वतःच्या इच्छेनं सोडणं.

ही शेवटची व्याख्या नीट लक्षात ठेवा. तिच्यात दोन अटी आहेत, 'स्वतःचं' आणि 'स्वतःच्या इच्छेनं'. पुढं आपल्याला त्या पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

मन वस्तूला चिकटतं कसं?

तुमच्या घराच्या माळ्यावर काय काय आहे, एकदा आठवून पाहा. हँडल तुटलेली सायकल, बंद पडलेला टीव्ही, लग्नात आलेले आणि कधीच न वापरलेले स्टीलचे डबे, फाटलेली ताडपत्री. विचारलं तर आई म्हणते, 'असू दे, कधीतरी लागेल.' हा 'कधीतरी' दहा-दहा वर्षं येत नाही. तरी वस्तू काढवत नाही. का बरं?

याचं एक कारण शास्त्रज्ञांनी छान दाखवून दिलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डॅनिएल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी एक साधा प्रयोग केला. १९९० साली तो प्रसिद्ध झाला. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक मग दिला, बाकीच्यांना दिला नाही. मग ज्यांच्याकडं मग होता त्यांना विचारलं, 'कितीला विकाल?' आणि ज्यांच्याकडं नव्हता त्यांना विचारलं, 'कितीला घ्याल?' मग तोच, बाजारातली किंमतही तीच. पण विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या आसपास गेली. काही मिनिटांपूर्वी हातात आलेला मग! तो 'माझा' झाला आणि त्याची किंमत मनात वाढली. म्हणजे वस्तूची किंमत तिच्यात जेवढी असते, तेवढीच 'माझी' या शब्दातही असते. यातल्या कानेमन यांना २००२ साली आणि थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरं कारण भीती. ज्यानं टंचाई पाहिली आहे तो साठवतो. आपल्या आज्यांच्या काळात आषाढ-श्रावणात कणगीतलं भात तळाला जायचं, मग नागली-वरीवर नाहीतर रानातल्या भाज्या-कंदांवर दिवस काढावे लागायचे. अशी माणसं डबा भरलेला ठेवतात, दोरीचा तुकडाही टाकत नाहीत. त्यांना मोही म्हणू नका. तो अनुभवानं शिकवलेला शहाणपणा आहे.

तिसरं कारण मात्र वेगळं आहे. ते म्हणजे 'लोक काय म्हणतील?' शेजाऱ्यानं मोठी गाडी घेतली म्हणून आपण घ्यायची. अमक्याच्या हळदीला एवढं जेवण आणि एवढा डीजे होता, म्हणून आपल्या हळदीला त्याहून जास्त. इथं वस्तू आपल्या उपयोगासाठी राहत नाही, ती दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. भीतीनं साठवलेलं पोट भरल्यावर थांबतं. दिखाव्यासाठी साठवलेलं थांबत नाही, कारण शेजारी रोज नवं काहीतरी आणतच असतो.

रस्त्याचा पैसा आणि वस्तूंचं तोंड

आता आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधी जमिनी गेल्या आणि मोबदला खात्यात आला. मुरबाडकडं फार्महाऊस आणि प्लॉटिंगवाल्यांनी जमिनी घेतल्या, तिथंही रोख पैसा आला. ज्या घरात वर्षभरात एकरकमी लाख रुपये दिसत नव्हते, तिथं अचानक काही लाख, कुठं कोटीसुद्धा आले.

पुढचं गणित काल्पनिक आहे, पण तुम्ही ते वहीत करून पाहा. समजा, एका घराला ६० लाख मिळाले. चार वाटे झाले, एकेकाला १५ लाख. त्यातले ७ लाख घर वाढवण्यात गेले, ५ लाखांची गाडी आली, ३ लाख मुलाच्या हळदी-लग्नात गेले. हिशेब शून्यावर आला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काय भरभराट झाली!

आता दुसरी बाजू मांडू. गाडीचं डिझेल, विमा, टायर, दुरुस्ती धरून महिन्याला ८ हजार लागले, तर वर्षाचे झाले ९६ हजार. शेत गेलं म्हणून तांदूळ आता विकत आणायचा. पाच-सहा माणसांच्या घराला महिन्याला ५० किलो, ४० रुपये किलोनं २ हजार. वर्षाचे २४ हजार. म्हणजे पैसा संपल्यावरही दरवर्षी १ लाख २० हजारांचा खर्च घरात येऊन बसला, आणि तो भागवणारं शेत राहिलं नाही. तेच गाडीचे ५ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला ३५ हजार व्याज आलं असतं. आजच्या भावानं घरचा तांदूळ त्यातून सुटला असता.

प्रत्येक वस्तूला तोंड असतं. विकत घेतो तेव्हा आपण फक्त तिची किंमत पाहतो, तिचं रोजचं खाणं पाहत नाही. जमीनसुद्धा खाते. नांगरणी, खत, मजुरी तिला लागतेच. पण ती खाऊन परत देते. दिखाव्याची वस्तू खाते आणि फक्त जुनी होते.

म्हणजे गाडी घेऊच नये का? तसं नाही. तीच गाडी कुणी भाड्यानं लावली, भाजी कल्याणच्या बाजारात नेली, पाड्यावरच्या बाळंतिणीला रात्री दवाखान्यात पोचवलं, तर ती गरजेची वस्तू झाली. ती दारात कशासाठी उभी आहे, एवढंच पाहायचं.

कशाला त्याग म्हणू नये?

इथं जरा थांबा. कारण 'मोह सोडा' हा उपदेश बऱ्याचदा चुकीच्या माणसाला केला जातो. चार उदाहरणं पाहू.

पहिलं, धरणांचं. मुंबईला पाणी पाजणारे तानसा, भातसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा हे जलाशय शहापूर तालुक्यात आणि त्याच्या सीमेला लागून आहेत. तानसा धरण तर १८९२ सालचं. मुंबईच्या पाण्यात सगळ्यांत मोठा वाटा एकट्या भातसाचा आहे. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण आहे, त्याचं पाणी कारखान्यांना आणि शहरांना जातं. त्याची उंची वाढवताना तिथली गावं उठली. या सगळ्या ठिकाणी शेतं, घरं, देवळं, वाडवडिलांच्या जागा पाण्याखाली गेल्या. भाषणांत त्याला 'त्याग' म्हणतात. आपली व्याख्या लावून पाहा. जमीन स्वतःची होती, पहिली अट पूर्ण झाली. पण 'स्वतःच्या इच्छेनं' या दुसऱ्या अटीचं काय? त्या माणसांना निवडीची संधी किती होती? आणि आज उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक गाव-पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना 'तुम्ही त्याग केलात' असं गोड बोलून भागत नाही. ते त्यांचं आपल्यावरचं देणं आहे. मुंबईत नळ उघडणाऱ्यानं हे लक्षात ठेवायला हवं, आणि आपणही.

दुसरं, गरिबीचं. दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. चार भांडी, गोधडी, कोंबड्या आणि लेकरं एका टेम्पोत मावतात. शहरातून आलेले पाहुणे कधी म्हणतात, 'बघा, किती थोडक्यात सुखी आहेत!' मित्रांनो, असं म्हणू नका. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल फेडायला ते निघालेले असतात. लेकरांची शाळा मध्येच सुटते. जवळ वस्तू नसणं आणि वस्तूचा मोह नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडं काही नाही, त्यानं काय सोडायचं? त्याला आधी मिळायला हवं.

तिसरं उदाहरण तुमच्या घरातलं असू शकतं. सातबाऱ्यावर नावं चढवायची वेळ आली, किंवा मोबदला मिळणार असं कळलं, की बहिणीला निरोप जातो, 'ताई, तलाठ्याकडं यायचंय, सही लागेल.' त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र. बघा, नावातच 'सोड' आहे. मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलांइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ साली केली आणि २००५ साली ती साऱ्या देशाच्या कायद्यात आली. हक्कसोडपत्र हे राजीखुशीनं करायचं असतं, त्याची नोंदणी करावी लागते, आणि एकदा केलं की ते फिरवणं फार कठीण असतं. तरी बहिणीला काय सांगितलं जातं? 'सही नाही केलीस तर माहेर तुटेल. पैशापेक्षा माणसं मोठी. एवढा मोह बरा नाही.' मग हेच वाक्य भावाला का नाही लावायचं? माणसं मोठी असतील तर त्यानं बहिणीचा वाटा द्यावा. सोडण्याचा उपदेश करणाऱ्याच्याच पदरात जर ती वस्तू पडणार असेल, तर तो उपदेश नव्हे, मागणी आहे.

काही बहिणी खरोखर मनापासून सोडतात. भाऊ आई-वडिलांना सांभाळतो, त्याची परिस्थिती बेताची आहे, आपलं बरं चाललंय, असा विचार करून त्या सही करतात. तो त्यांचा त्याग आहे आणि तो मोठा आहे. पण तो त्यांनी कागद वाचून, समजून, धाकाशिवाय केलेला असावा. तुम्ही आठवी-नववीत आहात, कागद वाचू शकता. घरात असा कागद आला तर आईला, आत्याला तो मोठ्यानं वाचून दाखवा. मराठी शिकल्याचा याहून चांगला उपयोग कुठला?

चौथं उदाहरण जुन्या कपड्यांचं. दिवाळीच्या आधी शहरातून गाड्या भरून कपडे आपल्या पाड्यांवर येतात. काही कपडे चांगले, धुतलेले, घडी घातलेले असतात. काहींना बटणं नसतात, चेन तुटलेली असते, डाग पडलेले असतात. ज्यांनी दिले त्यांचं कपाट रिकामं झालं आणि मनाला समाधान मिळालं. पण आपल्या घरचा कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवणं म्हणजे दान नव्हे. द्यायचं असेल तर जे आपण स्वतः उद्या घालू शकतो ते द्यावं.

मग खरं सोडणं कसं असतं?

आपल्या मातीत त्याची उदाहरणं भरपूर आहेत. मी तीन निवडली आहेत, कारण प्रत्येकातून वेगळी गोष्ट शिकता येते.

संत तुकारामांच्या घरी देहूला सावकारी आणि व्यापार होता. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, घरातली माणसं गेली, धंदा बसला. पुढं घरातली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरेनं सांगितलं जातं. पण या कथेतला एक भाग आपण विसरतो. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. आधी दोन वाटे केले. भाऊ कान्होबाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि फक्त स्वतःचा वाटा पाण्यात सोडला. केवढा विचार आहे यात! विरक्ती माझी आहे, भावाची नाही. माझ्या वैराग्यासाठी त्याचा हक्क मी का बुडवू? आणि त्यांनी सोडलं ते काय? लोकांकडून येणं असलेलं कर्ज. त्यांच्या सोडण्यानं दुष्काळात होरपळलेली माणसं मोकळी झाली.

दुसरं उदाहरण भूदानाचं. विनोबा भावे आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडं ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारलं, आणि रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठून म्हणाले, मी १०० एकर देतो. तिथून भूदान सुरू झालं. पुढं विनोबा अनेक वर्षं गावोगाव पायी फिरले आणि देशभरातून ४० लाख एकरांहून जास्त जमीन दान म्हणून जाहीर झाली. पण पूर्ण चित्र पाहायला हवं. त्यातली बरीच जमीन खडकाळ, नापीक किंवा कोर्टकज्ज्यात अडकलेली निघाली, आणि पुष्कळशी कधी वाटलीच गेली नाही. म्हणजे काहींनी मन मोठं केलं, तर काहींनी नको असलेलं तेवढं दिलं. जुन्या कपड्यांची गोष्ट इथंही लागू पडते. सोडलेल्या वस्तूकडं पाहिलं की सोडणाऱ्याचं मन कळतं.

तिसरं उदाहरण मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाचं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले वीर भाई कोतवाल, १९१२ साली माथेरानच्या एका गरीब घरात जन्मले. शिकून वकील झाले. त्या काळात वकिली म्हणजे प्रतिष्ठा आणि पैसा. तो रस्ता समोर असताना ते शेतकरी-आदिवासींच्या बाजूनं उभे राहिले. पावसाळ्यात भात संपलं की लोक सावकाराकडून धान्य घेत आणि सुगीत ते वाढीनं फेडत. या चक्रातून सोडवायला कोतवालांनी शेतकऱ्यांच्या धान्यकोठ्या काढल्या. ज्याच्याकडं आहे त्यानं भरायचं, अडचणीत त्यातून घ्यायचं. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळाही चालवल्या. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी गाठलं आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी लोक सिद्धगडावर जमतात.

कोतवालांचं बलिदान आपण भाषणात सांगतो, पण त्यांची धान्यकोठी विसरतो. या पाठाच्या दृष्टीनं मला ती जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी लोकांना 'धान्याचा मोह सोडा' असं सांगितलं नाही. कुणाच्याही घरात उपासमार होणार नाही अशी व्यवस्था लावली. माणसाला उद्याची भीती नसेल, तर तो आजचं घट्ट धरून बसत नाही. आसक्ती कमी करायचा हा फार व्यवहारी मार्ग आहे.

नाव सोडणं सगळ्यांत अवघड

मुरबाडच्या वैशाखरे गावावरून नाणेघाट चढून गेलात तर वर एक लेणं लागतं. घाटातला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात, आणि लेण्यात ब्राह्मी लिपीतला लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो. त्यात यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणेची यादी आहे : हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. त्याच लेखात महिना-महिना उपवास करणाऱ्या, घरात राहून तापसीचं जीवन जगणाऱ्या राणीचं वर्णन आहे.

किती गंमत आहे पाहा. सगळं दिलं, पण दिल्याची नोंद दगडावर कोरून ठेवली. इतिहासाच्या अभ्यासकांच्या दृष्टीनं हे आपलं भाग्यच, नाहीतर आपल्याला काहीच कळलं नसतं. पण माणसाचं मन तेव्हाही असंच होतं आणि आजही तसंच आहे. आज देवळातला बाक, शाळेतला पंखा, स्मशानातली शेडसुद्धा 'यांच्याकडून सप्रेम भेट' असं लिहूनच येते. वस्तू सुटते, पण नाव सुटत नाही. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पुतळे नाहीत, फक्त नावं भिंतीवर आहेत. गाडगे महाराजांनी मात्र ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या राहाव्यात म्हणून लोकांकडून पैसा उभा केला आणि स्वतः जवळ गाडगं, काठी आणि चिंध्यांचा अंगरखा एवढंच ठेवलं. कुणाला न सांगता एकदा काहीतरी देऊन पाहा. मग कळेल की देण्यापेक्षा न सांगणं किती जड जातं.

सोडण्याचा सराव

सोडणं एकदम जमत नाही. त्याचा सराव लागतो, आणि आपल्या संस्कृतीनं तो सणांत घालून ठेवला आहे. भाद्रपदात आपण गणपती आणतो. त्याला 'पार्थिव' म्हणतात, म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. दीड, पाच किंवा दहा दिवस त्याच्यासाठी घर सजतं, मोदक होतात, आरत्या होतात. आणि मग आपणच त्याला डोक्यावर घेऊन भातसा, काळू नाहीतर गावच्या ओढ्यावर जातो आणि सोडून येतो. लहान मुलं रडतात, मोठ्यांचेही डोळे ओले होतात. 'विसर्जन' या शब्दात सोडून देणं हाच अर्थ आहे. प्रेम करू नका असं कुणी म्हणत नाही. भरभरून प्रेम करा आणि वेळ आली की हात मोकळे करा, एवढंच.

पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या खांबलिंगेश्वराच्या यात्रेत बैलबाजार भरतो. तिथं बैल विकणारा शेतकरी पाहिलात का? सौदा ठरल्यावर तो दावं लगेच देत नाही. बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो. नव्या मालकाला सांगतो, 'हा डाव्या अंगाला चालतो बरं का, याला ओरडू नका.' आपली झालेली गोष्ट सोडताना ती पुढं नीट नांदावी एवढी काळजी करणं म्हणजे आसक्ती नव्हे. ती माया आहे. आसक्ती म्हणते, 'माझ्याशिवाय कुणाची होऊ नये.' माया म्हणते, 'जिथं जाईल तिथं बरी राहू दे.'

कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती सोडायची हे ठरवायला पुढचे चार प्रश्न स्वतःला विचारा :

१. ही वस्तू मी गेल्या वर्षभरात वापरली का? बियाणं, औजारं, औषधं, कागदपत्रं हिशेबात धरू नका. ती वेळेला लागतात.

२. ही मी माझ्यासाठी ठेवली आहे, की दुसऱ्यांना दिसावी म्हणून?

३. ही माझी एकट्याची आहे का? घरातल्या दुसऱ्या कुणाचा वाटा तिच्यात असेल, तर मला ती परस्पर सोडता येणार नाही. आजीचं जातं तुम्हाला अडगळ वाटेल, पण आधी आजीला विचारा.

४. मी ती सोडली तर कुणाच्या उपयोगी पडेल? उत्तर 'कुणाच्याच नाही' असं असेल, तर ती भंगारात द्या, दानात नको.

थोडक्यात सांगायचं तर

आसक्ती सोडणं म्हणजे घर रिकामं करणं नव्हे. गरजेचं धरून ठेवणं हा हक्क आहे, आणि ज्याच्याकडं गरजेपुरतंही नाही त्याला उपदेश करणं हा अन्याय आहे. सोडण्याची पाळी आधी त्याची, ज्याच्याकडं जास्त आहे. आणि सोडायचं ते स्वतःचं, समजून-उमजून, चांगल्यातलं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं. 'मोह सोड' असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर रागावू नका. शांतपणे एवढंच विचारा, 'मी सोडलं तर ते कुणाकडं जाणार?' उत्तरावरून तुम्हाला कळेल की समोरचा शिकवतोय की मागतोय.

स्वाध्याय

१. 'परिग्रह', 'आसक्ती', 'त्याग' आणि 'विसर्जन' हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.

२. धरणात किंवा रस्त्यात जमीन गेलेल्या तुमच्या गावातल्या एखाद्या आजी-आजोबांशी बोला. त्यांना सगळ्यांत जास्त आठवण कशाची येते ते विचारा आणि दहा ओळी लिहा. परवानगीशिवाय त्यांचं नाव लिहू नका.

३. घरात घेतलेल्या एका मोठ्या वस्तूचा वर्षभराचा खर्च घरच्यांच्या मदतीनं मांडा. तिनं वर्षभरात काय परत दिलं तेही शेजारच्या रकान्यात लिहा.

४. चर्चा करा : 'बहिणीनं हक्क सोडावा' आणि 'भावानं वाटा द्यावा'. दोन्ही बाजूंनी बोला. मुलींनी भावाची बाजू मांडावी आणि मुलांनी बहिणीची.